तिसऱ्या गोष्टीतली आई

चीक अर्धा शिजला होता, तेवढ्यात फोन वाजला.

ज्यांनी घरी कुरडया केल्या आहेत त्यांना सांगायला नको, की शिजत्या चिकापासून उठता येत नाही. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळायचे, गाळायचे, वरचं पाणी हलक्या हातानं ओतून द्यायचं. एवढा सगळा कुटाणा करून शेवटच्या दहा मिनिटांत हात थांबला, की पातेल्यात गुठळ्याच गुठळ्या. म्हणून मेरीबाई पाटोळे अंगणातल्या चुलीपुढं उकिडवी बसून दोन्ही हातांनी लाटणं फिरवत राहिली. फोन पायरीवर वाजत राहिला.

"वाजू दे," ती म्हणाली.

शेजारची लंकाबाई सोऱ्याला आतून तेल लावत होती. तिनं मान लांब करून फोनकडं बघितलं. "अगं, पोरीचा हाय. फोटू दिसतोय न्हवं. लंडनवाली."

"ती लंडनला नाही, शेफील्डला आहे."

"मला मेलीला काय! समुद्रापल्याडचं समदं लंडनच." लंकाबाईनं तेलकट बोटानंच फोन उचलला आणि मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला.

पडद्यावर जास्मिन आली. तिकडं नुकतं उजाडलं होतं. ड्युटीवर निघायच्या आधीचा तिचा चेहरा, केस ओले.

"आई, धूर कसला गं एवढा?"

"चीक चाललाय. बोल तू, मी ऐकते. हात रिकामा नाही."

"आई, मी एका सिनेमात काम केलंय."

मेरीबाईचा हात थांबला.

"हात!" लंकाबाई ओरडली. "सिनेमा कुठं पळून चाललाय व्हय? आधी हात चालव!"

जास्मिन तिकडं एका केअर होममध्ये नोकरीला होती. ज्या म्हाताऱ्यांचं घरात करायला कुणी नाही, किंवा असून करणं होत नाही, त्यांना तिथं ठेवतात. अंघोळ घालायची, भरवायचं, गोळ्या द्यायच्या, अंथरूण बदलायचं, हे तिचं काम. तिथल्या एका आजीची क्लेअर नावाची लेक सिनेमा करत होती. मोठा नव्हे. एकाच गल्लीतली पाच घरं आणि पाच घरांच्या पाच निरनिराळ्या गोष्टी, असा एक सिनेमा. पैशाची सगळी बोंब. कॅमेरावालाच गाडी चालवायचा, क्लेअरची बहीण सगळ्यांना सूप करून आणायची, आणि जास्मिननं आपलाच ड्युटीचा ड्रेस घालून काम केलं होतं.

"तिसरी गोष्ट माझी आहे," जास्मिन म्हणाली. "म्हणजे मीच क्लेअरला सांगितलेली. एक म्हातारा वारतो. त्याच्या मागंपुढं कुणी नसतं. त्याचं करणारी मुलगी मग इंडियात आईला फोन लावते आणि म्हणते, आई, प्रार्थना कर. ती आई प्रार्थना करते. आई दिसत नाही, नुसता आवाज येतो. एका गुजराती काकूंकडून करून घेतलं होतं, पण क्लेअरला ते पटलं नाही. तिला खरा आवाज पाहिजे. तुझा. रविवारपर्यंत पाठवशील?"

मेरीबाईनं वर पाहिलं नाही. "सिनेमातली आई करते का प्रार्थना?"

"हो," जास्मिन म्हणाली. "करते."

जास्मिनला बस धरायची होती. फोन बंद झाला, आणि लंकाबाईनं पातेल्यात डोकावून कपाळाला हात लावला. "झाल्या बग गुठळ्या! आता ह्या कुरडया न्हाईत, मनी झालं, मनी. ववून गळ्यात घाल."

मेरीबाईनं लाटणं फिरवलं, पण गुठळी एकदा धरली की मोडत नाही.

*

मेरीबाई घोडेगावची. वडील नॅथन मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. गुरांच्या बाजाराच्या दिवशी शाळेच्या खिडकीतून धूळ आत यायची आणि मास्तर फळ्यापेक्षा मुलांची नाकंच जास्त पुसायचे. घरात संध्याकाळी कौटुंबिक उपासना. सातव्या वर्षापासून मेरी त्यात मोठ्यानं प्रार्थना करायची. पाठ केलेली नव्हे, मनानं जुळवलेली. लग्न होऊन ती कोल्हारला दानीएलच्या घरी आली, दानीएल साखर कारखान्याच्या वर्कशॉपला लागला, आणि वर्षभरात तिथल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जमणाऱ्या मंडळीत एक बोलणं रूढ झालं: "प्रार्थना मेरीबाईची."

तिची प्रार्थना देवाशी मोघम बोलणारी नव्हती. कुणाचं काय दुखतं ते ती नावानिशी सांगायची. 'रंजल्यागांजल्यांना आधार दे' असं तिच्या तोंडून कधी आलं नाही. 'मुक्ताबाईचा उजवा गुडघा पायरी चढताना धरतो, तिच्या घराला सात पायऱ्या आहेत,' असं ती देवाला सांगायची. लांबायचीही फार. उपकारस्तुतीच्या रविवारी, लोकांनी देवापुढं आणलेल्या भोपळ्यांचा, कोंबड्यांचा, बाजरीच्या पोत्यांचा लिलाव व्हायचा असायचा, पोरं ताटकळलेली असायची, आणि मेरीबाई प्रत्येक भोपळ्याच्या वेलापर्यंत जायची. दानीएल घरी येऊन म्हणायचा, "अगं, देवालाही जेवायला जायचं असतं."

"तुम्ही नका त्याच्या जेवणाची काळजी करू. तुमची आठ शब्दांची प्रार्थना ऐकून तो उपाशीच राहत असेल."

एक गोष्ट मात्र ती कधी चुकवत नसे. प्रार्थना करणाऱ्यानं शेवटी थांबायचं असतं. 'येशूच्या नावानं मागते' म्हणायचं आणि गप्प राहायचं. मग बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं. घरात एकच माणूस असलं तरी त्यानं म्हणायचं. नॅथन मास्तर म्हणत, मागणं एकानं मांडायचं, पण सही सगळ्यांची लागते.

सात वर्षांपूर्वी थोरली लेक एंजेला तापानं आजारी पडली. श्रीरामपूरला शाळेत शिकवत होती, वय बावीस. ताप डोक्यात गेला आणि तिला नगरला हलवलं. डॉक्टरांनी कशात कसूर केली नाही. महिला मंडळाच्या बाया दवाखान्याच्या जिन्यापाशी जमायच्या, आणि मेरीबाई दिवसातून तीनदा उभी राहून प्रार्थना करायची. लेकीच्या रक्ताचे आकडे तिनं देवाला सांगितले. सलाईनच्या सुईनं काळानिळा झालेला हात सांगितला. जिना भरून माणसं 'आमेन' म्हणायची. वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटांचे, दुसऱ्या धर्माचे नातेवाईकही म्हणायचे. असं तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी एंजेला गेली.

कबरस्थानात पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, प्रार्थनेसाठी मेरीबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. नाही. लोकांना वाटलं, आईच ती, आज कशी बोलेल. पण पुढच्या महिन्यात मंडळात तिची पाळी आली तेव्हाही तिनं मान हलवली, आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही. मग बायांनी विचारणं सोडलं. मेरीबाई देवळात जायचं सोडत नव्हती. गीतं म्हणायची, उपास करायची, पवित्र शास्त्र वाचायची, दुसऱ्याच्या प्रार्थनेला 'आमेन' म्हणायची. फक्त स्वतःच्या तोंडून मागणं मांडायची नाही. जेवणाआधीची प्रार्थना दानीएल करू लागला, आठ शब्दांची. त्यानं नववा शब्द कधी घातला नाही. वाढवली तर आपण बायकोची जागा घेतली असं होईल, असं त्याला वाटायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिला कळत होतं.

आणि मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात, एका दुपारी, जास्मिनचा फोन आला होता. तिकडं सकाळ होती. पोरगी रडत नव्हती, पण आवाज कोरडा पडला होता. "आई, माझ्याकडचे एक आजोबा आत्ता गेले. कुणी नाही त्यांचं. मी इथं एकटी बसले आहे त्यांच्यापाशी. तू एक प्रार्थना करतेस का? मी फोन स्पीकरवर ठेवते."

मेरीबाई भाजी निवडत होती. तिनं झटकन म्हटलं, "आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, तुला ठाऊक आहे."

हे खरंच होतं. तिच्या मंडळीची शिकवण तीच: गेलेला देवाच्या हाती गेला, आता मागायचं ते राहिलेल्यांसाठी. नॅथन मास्तरांनीही तेच शिकवलं होतं. पण त्या दुपारी तिनं ते शिकवण म्हणून सांगितलं नव्हतं; दाराला अडसर लावावा तसं लावलं होतं.

पोरगी नुसती "आई..." म्हणाली.

"कुकरची शिट्टी झाली. ठेवते," म्हणून मेरीबाईनं फोन बंद केला.

जास्मिननं परत तो विषय कधी काढला नाही. आता दीड वर्षानं तिनं त्याचीच जगाला सांगायची गोष्ट केली होती, आणि तिच्या गोष्टीतल्या आईनं प्रार्थना केली होती.

*

गुरुवारी मेरीबाईनं वही काढली. रोजचं चार ओळी लिहायची तिची जुनी वही. तिच्यातलं एक पान फाडून तिनं प्रार्थना लिहिली, दोनदा खोडली, आणि चष्मा लावून दानीएलच्या मोबाईलपुढं वाचली. दानीएल रिटायर झाल्यापासून गल्लीतले पंखे दुरुस्त करायचा. त्या सवयीनं त्यानं मोबाईल उलटासुलटा करून धूळ पुसली, रेकॉर्ड केलं आणि लावून दाखवलं.

तिघं ऐकत बसली. लंकाबाई शेंगा फोडत होती.

"कसं वाटतं?" मेरीबाईनं विचारलं.

दानीएल मोबाईलकडं बघत राहिला. "स्वच्छ आलंय. शब्द न् शब्द कळतोय."

"मी कसं वाटतं विचारलं."

"मी सांगू का?" लंकाबाई म्हणाली. "सात वाजताच्या बातम्या वाटत्यात. आता पाऊसपान्याचा अंदाज तेवडा ऱ्हायलाय."

शुक्रवारी वही बाजूला ठेवून, डोक्यावर पदर घेऊन तिनं पुन्हा करून बघितलं. "हे आमच्या बापा" एवढंच आलं. पुढं तोंड उघडं आणि आवाज नाही. दानीएलनं बटण दाबून बंद केलं.

"पाळकांना विचारू या का?" तो म्हणाला. "सिनेमासाठी केलेली प्रार्थना चालते का म्हणून?"

"ते म्हणतील चालते. त्यांच्या चालण्यानं माझी जीभ चालणार आहे का?" ती चिडून उठली, आणि चिडण्याचं काही कारण नव्हतं म्हणून आणखीच चिडली. "देवापुढं नाटक करायचं म्हणजे काय? नसलेल्या म्हाताऱ्यासाठी, नसलेल्या आईनं? मी नाही म्हणून कळवा तिला."

"तूच कळव," दानीएल म्हणाला. मग जरा वेळानं, "तिनं तुझ्याकडं पहिल्यांदा मागितलं नाहीये हे."

एवढं बोलून तो पंख्याची पाती पुसायला लागला. म्हणजे त्या दुपारचं त्यालाही ठाऊक होतं. कोपऱ्यात बसून ऐकलं असेल, आणि दीड वर्ष गिळून बसला असेल. मेरीबाई दारात उभी राहिली. अंगणात दोरीच्या खाटेवर धोतर अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या, गाठीगाठींच्या, वेड्यावाकड्या. लंकाबाई कावळे हाकलत होती.

"मेरीबाई, एक इच्यारू का?" लंकाबाई म्हणाली. "राग नगं मानू. आमच्याकडं गाऱ्हानं घालत्यात तवा नाव घेत्यात, गाव घेत्यात. ज्याच्यासाटी घालायचं तो कोन, कुठला. तुमच्यात काय असंल ते असंल. पन त्या म्हाताऱ्याचं नाव तरी ठाव हाय का तुला?"

जिनं उभ्या आयुष्यात गुडघासुद्धा कुणाचा आहे ते सांगितल्याशिवाय देवापुढं मांडला नव्हता, तिनं त्या माणसाचं नावही विचारलं नव्हतं.

*

शनिवारी जास्मिनला सुट्टी होती. दुपारचं जेवण झाल्यावर मेरीबाईनं स्वतः फोन लावला. दानीएल बाजेवर आडवा होता.

"आई? पाठवलंस का?"

"नाही पाठवलं. आधी मला सांग, ते आजोबा कोण होते?"

"सिनेमातले? टॉम."

"सिनेमातले नव्हे. तुझे."

जास्मिन म्हणाली, "विल्फ. विल्फ्रेड, पण सगळे विल्फ म्हणायचे. शाळेत शिपाई होते, आई. तीस वर्षं शाळेची दारं उघडायची, बंद करायची. रोज त्यांच्या चहाबरोबर दोन बिस्किटं यायची, त्यातलं एक माझ्यासाठी टिश्यूत गुंडाळून उशीखाली ठेवायचे. रोज मला चुरा मिळायचा."

"खायचीस का?"

"खायचे. त्यांच्यासमोरच खावा लागायचा."

"त्या दिवशी काय केलंस मग? मी फोन ठेवल्यावर?"

"मला प्रार्थना येईना. इतक्या वेळा तुझी ऐकलेली, पण एक ओळ आठवेना. मग मी त्यांचे केस विंचरले. भांग डावीकडं पाडायचे ते. बाकीचे लोक येईपर्यंत नुसती विंचरत बसले." तिचा आवाज बारीक झाला. "मी रागावले नव्हते, आई. क्लेअरनं ते लिहिताना विचारलं, तुझ्या आईनं काय प्रार्थना केली? मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, केली. छान केली."

मेरीबाई भिंतीला टेकली. तोंडाशी तीच जुनी गोष्ट आली. "जास्मिन, आपल्यात मेलेल्यांसाठी..."

"माहीत आहे मला," जास्मिन म्हणाली. "मग माझ्यासाठी कर. मी जिवंत आहे."

दानीएल बाजेवर उठून बसला.

मेरीबाईनं पदर डोक्यावर घेतला. डोळे मिटले. पहिल्यांदा नुसता श्वास येत राहिला, चढावर सायकल ओढत आणावी तसा. मग शब्द आला.

"बापा, ही जास्मिन. तू ओळखतोस हिला. ही पायाळू जन्मली आणि पहिला घास हिनं मातीचा खाल्ला. आज ती परमुलखात लोकांच्या आईबापांची अंगं पुसते. तिचे हात पाण्यानं फुटतात, तिकडं थंडी फार आहे. त्या हातांना जप. बापा, त्या दिवशी ती एकटी बसली होती, विल्फपाशी, शाळेच्या शिपायापाशी. तिनं मला हाक मारली. मी कुकरचं नाव सांगितलं. कुकर लावलेला नव्हता. तुला ठाऊक आहे, पण तिलाही ठाऊक व्हावं म्हणून मी तिच्यासमोर सांगते. एंजेलाबद्दल माझं-तुझं जे आहे ते मिटलेलं नाही. ते मी आज मिटवत नाही. पण त्यात हिचा काय दोष? माझी एक लेक तू नेलीस, आणि जी ठेवलीस तिला मी रिकाम्या हातानं पाठवत राहिले. तिला एकटं बसायला लावू नकोस. माणूस जाताना जिथं ती असेल, तिथं तू अस. आणि तिला केस विंचरायचे सुचले, ते तूच सुचवलंस असं मी धरते. एवढंच मागणं, येशूच्या नावानं."

आणि ती थांबली, जशी थांबायची तशी.

फोनमधून काही आलं नाही. दानीएलनं ओठ हलवले, पण तो गप्प राहिला. हे 'आमेन' त्याचं नव्हतं. कुठंतरी टेम्पोचा हॉर्न वाजून गेला. मेरीबाई थांबून राहिली. मग समुद्रापलीकडून, नाक ओढत, फुटका आवाज आला.

"आमेन."

मग दानीएलनंच विचारलं, "रेकॉर्ड झालं का गं तिकडं?"

"नाही पप्पा," जास्मिन म्हणाली. "मला सुचलंच नाही."

"बरं झालं," मेरीबाई म्हणाली. "ते सिनेमाचं नव्हतंच."

"मग सिनेमाचं?"

"उद्या देवळातून आले की करते. प्रार्थना काय आयुष्यात एकदाच करायची असते?"

रविवारी दुपारी तिनं केली. त्यात कुकर नव्हता, एंजेला नव्हती. एका परक्या गावात एका म्हाताऱ्यापाशी बसलेली एक मुलगी होती, तिचे हात होते, शाळेचं बंद झालेलं दार होतं. दानीएलला सक्त ताकीद होती की गप्प राहायचं, 'आमेन' म्हणायचं काम तिकडच्या मुलीचं आहे. लंकाबाईला मात्र ताकीद द्यायची राहून गेली. ती उंबऱ्यात बसली होती. कहाणी ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, नाहीतर सांगणाऱ्याचा दम जातो, हे तिच्या हाडीमांसी मुरलेलं. मेरीबाई म्हणाली, "बापा, तिचे हात थकलेत," की मागून लंकाबाई, "व्हय गं माय." मेरीबाई म्हणाली, "तिला तिथं आपलं म्हणायला कुणी नाही," की मागून, "व्हय, न्हाई कुनी."

"लंकाबाई, तू सगळ्या प्रार्थनेत व्हय व्हय केलंस!" दानीएल नंतर म्हणाला.

"मग? एवडी बोलतीया ती, अन् म्या काय धोंड्यावानी बसू?"

पुन्हा करायला मेरीबाईनं नकार दिला. झाली ती झाली. तसंच पाठवलं.

*

सिनेमा आला नोव्हेंबरात. त्याचं इंग्रजी नाव मेरीबाईच्या तोंडात कधी बसलं नाही; ती 'पाच गोष्टी' म्हणायची. तिकडं एका छोट्या हॉलमध्ये दाखवला, साठ-सत्तर माणसं आली, आणि मग जास्मिननं पप्पांच्या मोबाईलवर पाठवला. रविवारी उपासना झाल्यावर दानीएलनं वायर जोडून तो टीव्हीवर लावला. मेरीबाईनं त्या गाठीच्या कुरडया तळल्या. गाठी काही फुलल्या नाहीत, दाताखाली कडकड वाजत होत्या.

त्या दिवशी देवळात पाळकांनी विनंती वाचली होती: बायडाबाईंची नात सुकन्या तापानं आजारी आहे, नगरला दाखल केलं आहे, प्रार्थना करावी. एंजेला होती तोच नगरचा दवाखाना, हे ऐकून महिला मंडळाच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं, आणि मेरीबाईकडं बघायचं टाळलं होतं.

टीव्हीवर पहिली गोष्ट झाली. नवरा-बायको आणि विकायला काढलेलं घर. दुसरी गोष्ट, दोन भाऊ. लंकाबाईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण तिचं लक्ष स्वैपाकघरावर होतं.

"थांब थांब," ती म्हणाली. "ही किटली मगाच्या घरातली हाय."

"वेगळं घर आहे ते," दानीएल म्हणाला.

"मला शिकवू नगं. किटली तीच, ओट्याला टवका गेलाय तो बी तिथंच. नुसता पडदा बदललाय मेल्यांनी!"

खरंच होतं. जास्मिननं नंतर सांगितलं, त्यांना एकच घर मिळालं होतं, तेही दहा दिवसांसाठी. पाचही घरांचं स्वैपाकघर तेच. पडदे तेवढे निळे, पिवळे, फुलाफुलांचे. मेरीबाई त्या टवक्याकडं बघत राहिली. एकाच ओट्यापाशी पाच घरांची माणसं येऊन उभी राहत होती, ज्याचं त्याचं दुःख घेऊन, आणि आधी इथं कोण उभं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिसरी गोष्ट लागली. खिडकीचा पडदा आता पांढरा. जास्मिन आली, ड्युटीच्या ड्रेसमध्ये, आणि मेरीबाईला ती एकदम मोठी दिसली, तिशीची वाटावी अशी बाई. म्हातारा पलंगावर. मुलीनं फोन लावला, कानाशी धरला, आणि मग घरात मेरीबाईचाच आवाज आला, जरासा खरखरत, लांबून आल्यासारखा. खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती.

"व्हय गं माय," टीव्हीतून लंकाबाई म्हणाली.

उंबऱ्यातली लंकाबाई दचकली. "ही म्या हाय?"

"तूच," दानीएल म्हणाला. "इंग्रजी करून लिहिलंय खाली. यस, मदर."

"एवडंच? म्या लई माया लावून म्हनलं हुतं."

मुलगी फोन कानाला लावून म्हाताऱ्याचे केस विंचरत होती. भांग डावीकडं. प्रार्थना संपली. आवाज थांबला, जसा थांबायचा तसा, आणि टीव्हीत कुणीच काही म्हणालं नाही. जास्मिनचं काम आवाज येण्याच्या कितीतरी आधी, मुक्या फोनवर झालं होतं. शेवटी कुणीतरी वाट बघत थांबणार आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. नंतर क्लेअरनं विचारलं, ही बाई शेवटी का थांबते? जास्मिननं सांगितलं. पण घर मालकाला परत दिलं होतं, पुन्हा शूटिंग करणं शक्य नव्हतं. म्हणून तो थांबा तसाच ठेवला. मुलगी विंचरत होती, आणि फोनमधली आई वाट बघत होती.

"मागचं न्हाई का म्हनायचं कुनी?" लंकाबाई कुजबुजली.

"आमेन," दानीएल म्हणाला. आणि लंकाबाईही म्हणाली, तिला जमलं तसं.

चौथी गोष्ट लागली, पिवळा पडदा आला, आणि मेरीबाई उठून स्वैपाकघरात गेली. डब्याच्या फडताळातून तिनं उभा तीन पुडांचा डबा काढला, जो सात वर्षांपूर्वी ती रोज नगरला न्यायची आणि त्यानंतर वापरलाच नव्हता. तो तिनं चिंच लावून घासला आणि पालथा घातला.

"आता कशाला काढला?" दानीएलनं बाहेरून विचारलं.

"सुकन्यासाठी. मऊ भात नेईन, आणि बायडाबाईला भाकरी." जरा थांबून ती म्हणाली, "जिन्यापाशी बाया जमतील. मी करणार आहे."

दानीएलनं टीव्हीचा आवाज कमी केला. काय करणार, हे त्यानं विचारलं नाही.

"तुम्ही शेजारी उभे राहा," ती आतून म्हणाली. "आणि 'आमेन' जरा मोठ्यानं म्हणा, नेहमीसारखं ओठांत नको."

मग तिनं तांदूळ निवडायला घेतले. उद्या सकाळची साडेसातची एस.टी. धरून तिला नगरच्या दवाखान्यात जायचं होतं, सुकन्याला डबा घेऊन.